अठरावा दात

माझ्या बायकोच्या मामांइतका दातांचा विचार अख्ख्या वसई तालुक्यात एखाद्या दंतवैद्यानेही केला नसेल. वालीवच्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर गिअरचे दात कापले. निवृत्त झाल्यावर हा माणूस निर्मळच्या आपल्या वाडीत केळी बघत बसेल म्हणावं, तर मामांनी कडेला दात असलेली पुराणी ग्रीक आणि रोमन नाणी जमवायला घेतली. नाण्यावर राजा कोणता, हे त्यांना आजही सांगता येत नाही. ते फक्त कड बघतात, अंगठ्याच्या नखाने दात मोजतात आणि नाणं पुन्हा फडक्यात गुंडाळून कामावर न्यायच्या जुन्या डब्यात ठेवतात.

हे दात मुळात कापले कशाला, असं मी लग्नानंतरच्या पहिल्याच भेटीत विचारलं आणि तेव्हापासून माझा गोंधळ वाढतच गेला आहे. मामा म्हणाले, चांदी आतपर्यंत खरी आहे हे दिसावं म्हणून. मला पटलं. लगेच त्यांनी माझ्या हातावर दातवालं तांब्याचं नाणं ठेवलं. यात कसली चांदी दाखवायची, असं मी विचारताच मामा भलतेच खूश होऊन म्हणाले, "तेच तर." मग वरून चांदीचा मुलामा दिलेलं, तरीही दात कापलेलं एक खोटं नाणंही निघालं. मी चहा मागितला. मामींचं मत तेवढं मला समजलं: दिसायला बरं म्हणून केलं असेल, आपण करंजीला कातणं फिरवतो तसं. त्या दिवाळीपासून मामा ताटातल्या करंजीचेही दात मोजतात.

त्यांचं सगळ्यांत लाडकं नाणं चांदीचं. त्याचे सतरा दात एकसारखे आणि अठरावा दीडपट जाड. कापणाऱ्याचा अंदाज शेवटी चुकलेला. रोज संध्याकाळी ओटीवर बसून मामा ते मोजत आणि जाड दातापाशी आले की 'च्च' करत. मला वाटलं, आयुष्यभर अचूक काम केलेल्या माणसाला ही खोट सलत असणार. म्हणून त्यांच्या पंचाहत्तरीच्या आदल्या दिवशी, मामींना सामील करून घेऊन, मी ते नाणं गुपचूप वालीवला नेलं. मामांच्याच हाताखाली शिकलेल्या कारागिराने मला दोनदा विचारलं, खरंच कापू ना? मी हो म्हणालो. त्याने बारीक कानशीने जाड दाताचे दोन सुबक दात करून दिले.

औक्षण झाल्यावर मी नाणं मामांच्या हातात ठेवलं. त्यांनी मोजलं. एकोणीस भरले. पुन्हा मोजलं. कोणी कापलं ते विचारून, त्याचा हात चांगला आहे म्हणाले. मग सगळे जेवायला उठल्यावर हळूच मला म्हणाले, "जावईबापू, नोकरीच्या पहिल्या महिन्यात मीही शेवटच्या दाताला असाच चुकलो होतो. माझा गिअर भंगारात गेला. हे नाणं मुळात ज्याने कापलं, त्याचं मात्र चाललं बघा, कोणी परत पाठवलं नाही. त्या जुन्या काळातला तेवढा एकच माणूस माझ्या ओळखीचा होता."

मी माफी मागितली. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि मामींना सांगून मलाच आग्रहाने जिलेबी वाढायला लावली.

मामा अजूनही संध्याकाळी ते नाणं मोजतात. एकोणीस होतात आणि नाणं डब्यात जातं. शेवटी 'च्च' काही येत नाही. मी शेजारी बसलेला असतो आणि दर वेळी त्या आवाजाची वाट बघतो.