आईनं न बघितलेला घास

सकाळी तव्यावरच्या भाकरीचा खरपूस वास आला आणि मला जिंतूरचं आमचं घर आठवलं. मी सहा-सात वर्षांची, नुकतीच तापातून उठलेली. आई भरवायला आली की दात घट्ट मिटून घ्यायचे. ती रडकुंडीला यायची.

त्या दुपारी मावशी तिला म्हणाली, “अक्का, लय मागं लागू नको. भूक लागली की लेकरू आपल्या हातानं खाईल.”

दोघी माझ्याकडं न बघता जेवायला बसल्या. थोड्या वेळानं मीच सरकत गेले, मावशीच्या ताटातला भाकरीचा पापुद्रा शेंगदाण्याच्या चटणीला लावून खाल्ला. मग आणखी एक. आई खाली मान घालून जेवत राहिली. मला वाटलं, तिला फार भूक लागलीय.

आता माझी लेक ताट सरकवते तेव्हा कळतं, वर न बघणं आईला किती जड गेलं असेल.