चुलीपर्यंत

माझी आई परक्या स्वयंपाकघरात उकिडवी बसून स्वतःच्याच पावलांचे ठसे धूत होती. आणि ते तिला माहीत नव्हतं.

"हाऊ कोपरा ऱ्हायना," घरमालकीण उभ्या उभ्या बोट दाखवत म्हणाली. "आठे बी घस."

आईला अहिराणी कळत नाही. बोट कळतं. ती सरकली आणि तोही कोपरा घासला. वर मालकिणीकडे बघून हसली. आपण हिला मदत करतोय म्हणून हसली.

हे सांगायला बसले की अजून माझ्या मुठी वळतात. तरी सांगते. पहिल्यापासून सांगते.

आम्ही तोरणमाळकडचे आदिवासी. पावरा. घरात पावरी बोलतो. मी आश्रमशाळेत मराठी शिकले, पुढे रक्त तपासायचा कोर्स केला आणि नंदुरबारला एका लॅबमध्ये लागले. डोंगर उतरून शहरात राहायला येणारी आमच्या पाड्यावरची मी पहिली मुलगी. बापानं कौतुकानं नवी चादर घेऊन दिली होती. ती चादर कितीतरी दिवस पिशवीतच राहिली, कारण पसरायला खोलीच मिळेना.

खोली बघायला जायचं. "या, बसा" व्हायचं. मग आडनाव विचारायचे. सांगितलं की खोली कालच दुसऱ्याला दिलेली असायची. वा रे वा! एवढं मोठं शहर, आणि सगळ्या खोल्या कालच गेलेल्या. मी लॅबमधल्या मैत्रिणीच्या खोलीत तिच्या खाटेखाली सामान सरकवून राहत होते.

मग ही मालकीण भेटली. सगळी गल्ली तिला काकू म्हणते. आडनाव ऐकून तिचंही तोंड वाकडं झालं होतं. पण लॅबमध्ये आहे म्हटल्यावर खुललं. तिला साखरेचा त्रास. घरबसल्या रक्त काढून घेणारी पोरगी कुणाला नको असते? गच्चीवरची खोली दिली. मटण-मासे करायचे नाहीत. पाणी अंगणातल्या नळाचं घ्यायचं. बाहेरच्या जिन्यानं यायचं-जायचं. मी सगळ्याला हो म्हटलं. डोक्यावर छप्पर हवं होतं मला.

मी सकाळी कामावर जाताना ती दारापुढच्या ओट्यावर बाही वर करून बसायची. मी तिचा दंड धरायचे, शीर चाचपायचे, सुई घालायचे. वरून कापूस दाबून धरायचे. माझ्या बोटांना तेव्हा बाट नव्हता. ती म्हणायची, "तुन्हा हात हलका शे व पोर." मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू? फार बरं वाटायचं. मी आईला फोनवर सांगितलं, मालकीण चांगली आहे, लेकीसारखं बघते.

तेच आईनं मनावर घेतलं. लेकीला सांभाळणाऱ्या बाईला रिकाम्या हातानं कसं भेटायचं? तिनं घरचं आमचूर बांधलं. कैऱ्या सोलून, कापून, दगडावर वाळवलेल्या पांढऱ्या फोडी. जीपनं, मग एसटीनं आली. आयुष्यात पहिल्यांदा नंदुरबार बघत होती. रिक्षात बसल्यावर दोन्ही हातांनी ती दांडी धरून बसली आणि सारखी हसत होती.

रिक्षावाल्याशी माझं सुट्ट्यावरून बोलणं चाललं होतं. तेवढ्यात आई उतरली. काकूंचं दार उघडं होतं. आईनं चपला बाहेर काढल्या आणि सरळ आत गेली.

आमच्याकडे असंच आहे. घर म्हणजे एकच खोली आणि मध्ये चूल. वर थंडी कडाक्याची. पाहुणा दारात थांबत नाही. तो थेट चुलीशी येतो, हात शेकतो, मग कुठून आलास हे विचारतात. दारात थांबला तर घरातले घाबरतात, काहीतरी वाईट बातमी आणली म्हणून. आई लेकीच्या मालकिणीच्या घरी गेली, म्हणजे तिच्या चुलीपाशी गेली. गॅसच्या ओट्याखाली बसली आणि गाठोडं सोडायला लागली.

आतून किंकाळी आली. मी धावले.

"ओ माय व! चुल्हापर्यंत ई गयी ही! निंघ! निंघ भाईर! सगळं बाटी गयं. आते सगळं घर धोवनं पडी."

काकूंनी गोमूत्राची बाटली आणली, शिंपडलं. बादली ओतली. आमचूरच्या फोडी पाण्यात वाहत मोरीकडे चालल्या. झाडू घेऊन ती वाकली आणि तिच्या कमरेत कळ आली. झाडू हातातून पडला.

आईनं तो उचलला.

आमच्यात म्हातारं माणूस काम करत असताना बाई नुसती उभी राहत नाही. हिला धुवायचंय, हिची कंबर दुखतेय. आईला एवढंच दिसलं. ती घासायला बसली. मला वाटलं, काकूंना आता तरी लाज वाटेल. कसली लाज! तिनं बोटानं कोपरा दाखवला.

आईनं मान वर करून मला विचारलं, "काय म्हणतेय गं ही?"

आईसाठी मी लहानपणापासून बोलत आले. दवाखान्यात, एसटीत, तळोद्याच्या ऑफिसात. तिथले लोक काय काय बोलायचे, मी त्यातले खडे वेचून उरलेलं आईला सांगायचे. त्यानं तिचा दिवस बरा जायचा. त्या दिवशीही जिभेवर तयार होतं, "काही नाही, पाणी सांडलंय म्हणते." काकूही माझ्याकडेच बघत होती. मी सांभाळून घेईन याची तिला खात्री होती. खोली होती ना तिची.

मी एकेक शब्द सांगितला. पावरीत सांगितला. बाटणं याला आमच्यात शब्द नाही, म्हणून फोडून सांगितलं. "आई, तू इथं बसलीस म्हणून हिचं घर घाण झालं. ती तुझी पावलं धुतेय. तुझ्याच हातून धुवून घेतेय."

आईनं झाडू खाली ठेवला. आपटला नाही, ठेवला. मोरीच्या तोंडाशी अडकलेल्या फोडी वेचून पदरात घेतल्या. काकूंकडे बघितलंसुद्धा नाही. निघाली, ती चवड्यांवर. ओल्या फरशीवर पुन्हा ठसा उमटू नये म्हणून, पदर सावरत, चोरासारखी.

"आई," मी ओरडले, "पाय टेकव. पुरा टेकव."

ती थांबली. मग टाच टेकवली. दारापर्यंत पावलं उमटवत गेली.

दुसऱ्या दिवशी तिला एसटीत बसवून आले, तर काकू ओट्यावर. बाही वर केलेली.

"उपाशी शे मी. रगत काढी ले," ती म्हणाली. आणि मग गोड आवाजात, "तू ऱ्हाय व पोर. तू चांगली शेस. फक्त तुन्ही मायले आनू नको."

हे ऐकून मला हसू आलं. कडू हसू.

"काकू, ज्या बाईनं मला जन्म दिला तिची पावलं तुम्हाला बाटवतात आणि माझी बोटं चालतात? लॅबमध्ये या. बाहेर बाकडं आहे, त्यावर बसा. नंबर आला की काढीन रक्त, इतरांचं काढते तसंच."

"मंग खोली खाली कर."

"करते. पण गल्लीत खरं कारण सांगा. तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगेन."

तिनं सांगितलं नाही. मी सांगितलं. सामान रिक्षात भरताना, दारादारात उभ्या असलेल्या बायांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. एकीनं खिडकी लावली. एक म्हणाली, "जाऊ द्या ना ताई, कशाला वाढवता?" मी म्हटलं, "अजून सुरुवात केलीये फक्त."

आता पुन्हा मैत्रिणीच्या खोलीत आहे. पुन्हा खोल्या बघतेय. ते आडनाव विचारायच्या आधीच मी सांगते, पावरा. आणि मग त्यांनी मला काही विचारायच्या आत मी विचारते, "माझी आई आली तर तुमच्या घरात कुठपर्यंत येईल?" बरेचसे गडबडतात. काही दार लावून घेतात. लावू दे.

ज्या घरात माझी आई चुलीपर्यंत येणार नाही, त्या घराचा जिना मी चढणार नाही.