नव्या गाडीत न बसलेले मिस्त्री

गाडीत बसण्याआधी मिस्त्री चपला काढून ठेवायचे. दुरुस्तीला आलेला ट्रक असो नाहीतर डॉक्टरांची मोटार, आधी खाली चपला, मग आत पाय. नवख्या गिऱ्हाइकाला वाटायचं, काय भक्तिभाव आहे माणसाचा. भक्तीचा काही संबंध नव्हता. "पायाला कळाय पायजे," मिस्त्री म्हणायचे. "हाताला काय, निस्तं चाक. गाडी बोलती ती तळपायाशी." मग ब्रेकवर पाय ठेवून ते डोळे मिटून बसायचे. मी पंपावरून ओरडून विचारायचो, "काय म्हणतीय?" उत्तरादाखल त्यांच्या हातातलं तेलकट फडकं माझ्या दिशेने एकदा हलायचं.

मी तेव्हा कापूरहोळच्या फाट्यावर पेट्रोल पंपावर नोकरीला होतो. पंपाच्या अंगालाच त्यांची पत्र्याची शेड. नाव मला माहीत होतं, पण इथे लिहीत नाही. सगळा फाटा त्यांना मिस्त्रीच म्हणायचा, आणि त्यांच्याबद्दल पुढे इतकं खोटं बोललं गेलं की त्यात माझी भर नको.

मिस्त्री कामथडीचे. लढाईच्या दिवसांत लष्कराच्या मोटार वर्कशॉपात शिकलेले. शेडमध्ये एका खिळ्याला बुद्धाची तसबीर, दुसऱ्या खिळ्याला फॅनबेल्ट. मधल्या जागेत त्यांची लाडकी उभी असायची. पुण्याच्या कॅम्पातला कोणी साहेब देश सोडून जाताना मोडीत टाकून गेलेली, लाल रंगाची, बिनछपराची, दोनच माणसांची शर्यतीची मोटार. मिस्त्रींनी पाच-सहा वर्षं खपून ती चालती केली होती. लग्न केलं नव्हतं. लोक म्हणायचे, केलंय की, ती काय शेडमध्ये उभी आहे.

रविवारी पुण्याचे मोटारशौकीन साताऱ्याकडे जाताना फाट्यावर थांबायचे आणि या लाल गाडीभोवती गोळा व्हायचे. मग जुनी गाडी चांगली की नवी, यावर जे वाजायचं, ते ऐकायला एसटीचे उतारूसुद्धा थांबत. त्यातल्या एका डॉक्टरांनी एकदा परदेशी मासिक आणलं होतं.

"हे बघा मिस्त्री, आता काय निघालंय. बाहेर जाणाऱ्या धुरावर एक पंखा फिरतो आणि तो इंजिनात जादा हवा कोंबतो. टर्बो म्हणतात. गाडी नुसती उडते."

मिस्त्रींनी चित्र लांब धरून पाहिलं. "धूर घरातनं भाईर चाललाय, तर जाऊ द्या की त्याला. धरून परत कामाला कशाला लावायचा?"

"अहो, पण ताकद किती वाढते."

"वाढंल. पर पायानं मागितली की लगीच येती, का पंख्याला वाटंल तवा?"

डॉक्टर प्रामाणिक माणूस. त्यांनी मासिकात पुन्हा डोकं घातलं आणि कबूल केलं, की पाय दाबल्यावर वेग यायला क्षणभर उशीर लागतो असं लिहिलंय खरं. त्यानंतरचा आठवडाभर मिस्त्री ज्याला त्याला गाठून हे सांगत होते. डिझेल भरायला थांबलेल्या ट्रकवाल्यालाही सांगत. त्या बिचाऱ्याला टर्बो म्हणजे काय ते माहीत नसायचं, मग आधी तेही समजावून सांगत.

त्या काळची आमच्या भागातली एक रीत तुम्हाला सांगायला हवी. भोरवरून महाडकडे जाताना वरंध घाट लागतो. घाटमाथ्यावर पोचलं की ड्रायव्हर गाडी न्यूट्रलला टाकायचे, किल्ली फिरवून इंजिन बंद करायचे आणि गाडी तशीच खाली सोडायचे. पेट्रोल वाचायचं हे एक, पण खरी गंमत ईर्ष्येची. इंजिन न लावता कोण कुठवर गेला, याची फाट्यावर चर्चा चाले. कुणी वरंध गावाच्या अलीकडे थांबलेला, कुणी गावाच्या पलीकडे. मिस्त्रींची लाल गाडी सगळ्यांच्या पुढे जायची. "उताराला पेट्रोल पाजायचं नसतं," ते म्हणायचे, आणि हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाला हे असं गाडी सोडणं शिकवायचे. जुन्या गाड्यांना ते चालून जायचं. त्यांचा ब्रेक म्हणजे ड्रायव्हरच्या मांडीचा जोर. इंजिन चालू असो नाहीतर बंद, त्याला फरक पडत नसे.

त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांत त्यांचा सख्खा भाचा किसन होता. बहीण चंद्रा गुंजवण्याला दिलेली, नवरा लवकर गेलेला, भाताची थोडी खाचरं आणि हा एकुलता एक मुलगा. किसन चोवीस-पंचवीस वर्षांचा, मामासारखाच अनवाणी गाडी चालवणारा. त्याने नवा डिझेल टेम्पो घ्यायचं ठरवलं. भोरचा कांदा महाडला न्यायचा, येताना सुकी मासळी आणायची. मिस्त्रींना हे अजिबात पटलं नाही. एखादा जुना पेट्रोल ट्रक घे, मी उभा करून देतो, असं ते म्हणत होते. किसनने ऐकलं नाही आणि हार घातलेला टेम्पो थेट शेडसमोर आणून उभा केला.

"मामा, बसा की. तुमी पहिल्यांदा चालवायचा."

मिस्त्री जॅकखालच्या गाडीशी काहीतरी करत होते. "ब्रेक कसा हाय?"

"लई हलका. आंगठ्यानं दाबला तरी लागतोय."

"मग त्यो ब्रेक नव्हं, गुदगुल्या हायेत," मिस्त्री म्हणाले. मी खो खो हसलो. टेम्पोत ते बसले नाहीत. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. सुरुवातीला जवळपासची भाडी करत किसन रोज डिझेल भरायला यायचा, टेम्पो शेडपासून वीस पावलांवर उभा राहायचा, आणि फाट्यावरच्या प्रत्येक गाडीत डोकं घालणारा हा माणूस त्याचं बॉनेट एकदाही उघडून बघायचा नाही. आम्हाला तो रुसवा पाहायला मजा वाटायची. मी तर मुद्दाम काड्या करायचो.

महाडच्या पहिल्या खेपेला निघताना किसन टाकी भरून घेत होता. शेडकडे वळून त्याने विचारलं, "मामा, ह्याच्यावर बी उताराला बंद करून जमंल न्हवं?"

मिस्त्रींनी मान वर केली नाही. "उतार त्यो उतार. न जमाय काय झालं? तुज्या नव्या नवरीला तेवढं तरी येऊ दे."

मी पुन्हा हसलो. किसनही हसला आणि गेला. दुपारी दोनच्या सुमाराला घाटाच्या एका वळणावरून टेम्पो सरळ दरीत गेला. किसन एकटाच होता. दुसऱ्या दिवशीपर्यंत माकडं उतारावर विखुरलेला कांदा वेचत होती, असं लोकांनी सांगितलं.

पंचनाम्यात ब्रेक निकामी झाल्याचं लिहिलं गेलं. फाट्यावर जो भेटेल तो मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "तुमी म्हनतच हुता. नव्या गाड्यांचं खरं न्हाई." इतक्या वर्षांचा वाद मिस्त्री जिंकले होते. चौथ्या दिवशी हत्यारांची पिशवी घेऊन ते दोर लावून दरीत उतरले आणि संध्याकाळी माझ्या केबिनमध्ये येऊन स्टुलावर बसले. गुडघे सोलवटलेले होते.

"ब्रेक शाबूत हाय," ते म्हणाले. "तेल हाय. लायनर नवंच. गेर न्यूट्रलला, किल्ली बंद."

"मग लागला का नाही?"

"त्याच्या बॉनेटखाली एक डबा हाय. इंजिन फिरत आसंल तवर त्यातली हवा ओढून घेतंय, त्या ओढीनं ब्रेकला जोर मिळतो. म्हनून त्यो हलका. इंजिन बंद केलं की दोन-तीनदा दाबंपातुर जोर उरतो. मग पायाखाली दगड." पुढे म्हणाले, "म्या एकदा बॉनेट उघडलं आसतं तर पाच मिनिटांत समजलं आसतं. पोरगं इचारत हुतं."

मी म्हणालो, मिस्त्री, हे कोणाला बोलू नका. लोकांनी काय ते धरून घेतलंय, तसंच राहू द्या. सांगून किसन परत येणार आहे का? तुमच्या बहिणीला निदान दोष द्यायला एक गाडी आहे, तिला भाऊ म्हणून तुम्ही तरी उरू द्या. मी हे तिच्या भल्यासाठी म्हणालो, असं इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो आहे. खरं असं, की मला माझं हसणं आठवत होतं आणि ते कुणाला कळायला नको होतं.

मिस्त्री उठले. "तिला ठाव पायजे," एवढंच म्हणाले.

किसनच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्याच्या दिवसकार्याला, आम्ही दोघे गुंजवण्याला गेलो. वंदना झाली, पंगतीची तयारी चालली होती. ओसरीवर चार पुरुषमाणसं गाडी विकणाऱ्यावर फिर्याद करण्याचं बोलत होती आणि साक्षीला मिस्त्रींसारखा जाणकार घरचाच आहे म्हणत होती. मिस्त्री उभे राहिले. त्यांनी डब्याचं, हवेचं, किल्लीचं सगळं सावकाश सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "गाडी चांगली हुती. शिकीवनारा चुकला."

चंद्राबाई दाराशी उभ्या होत्या.

"त्यानं तुला इचारलं हुतं?"

"व्हय."

"आन तू बगितलं न्हाईस."

"न्हाई, चंद्रे."

त्या आत गेल्या. ताट वाढून आणलं आणि भावासमोर ठेवलं. म्हणाल्या, "दादा, जेवून जा. परत ह्या दारात येऊ नगंस."

मिस्त्री बसले आणि जेवले. भात, आमटी, वाढलं होतं तेवढं सगळं. त्यांनी ताट धुतलं, भिंतीला उपडं लावलं आणि चालायला लागले.

शेड महिन्याभरात बंद झाली. लाल गाडी कुठे गेली ते मी विचारलं नाही. मिस्त्री कामथडीला जाऊन राहिले. मी अधूनमधून जायचो. ते बोलायचे, पण मोटारीवर नाही. फाट्यावर मात्र त्यांचं नाव निघत राहिलं. "नव्या गाडीला नावं ठेवायचं ते मिस्त्री. ऐकलं न्हाई म्हनून भाचा गेला," असं नवे ड्रायव्हर एकमेकांना सांगायचे. गाडी चांगली होती, इंजिन बंद केलं म्हणून झालं, असं मी दर वेळी सांगायचो. ते हो हो म्हणायचे आणि आपसात बघायचे. पंपावर डिझेल विकणाऱ्या माणसाने इंजिन चालू ठेवा म्हणावं यात त्यांना नवल वाटत नसे. घाटात इंजिन बंद करून गाड्या सोडणं पुढेही चालूच होतं.

मिस्त्री गेले ते आषाढात. निरोप घेऊन मी गुंजवण्याला गेलो. चंद्राबाई खाचरात होत्या, एकट्याच लावणी करत होत्या. बांधावरून मी सांगितलं, की मिस्त्री पहाटे गेले, माती दुपारपर्यंत थांबवलीय, याल का. चिखलाने भरलेला हात कपाळापासून लांब धरून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बरं," त्या म्हणाल्या. मग रोपांची जुडी सोडली आणि पुढची ओळ लावायला वाकल्या.