नऊ नंबर

गोविंद मास्तर गेल्याचं मला कचेरीत कळलं. शेजारच्या कारकुनाने सहज सांगितलं, "तुमचे तालमीतले मास्तर गेले म्हणे." मी हातातला कागद पुरा केला, टाक पुसून ठेवला आणि मग उठलो. त्याला आता दीड महिना झाला. लोक मास्तरांच्या शिस्तीबद्दल बोलतात, त्यांच्या लाठीबद्दल बोलतात, ते खरंच आहे. पण शेवटची दहा वर्षं हा माणूस का हसला नाही, हे मला माहीत होतं आणि मी तोंड उघडलं नव्हतं.

सोलापूरकडच्या पोरांना डोंगर कुठला माहीत? चौफेर माळ, जरा टेकाड दिसलं की आम्ही त्यालाच डोंगर म्हणायचो. म्हणून दर हिवाळ्यात मास्तर तालमीतल्या चौदा जणांना आगगाडीने सह्याद्रीकडे न्यायचे. नियम दोनच. शिट्टी झाली की प्रत्येकाने आपला नंबर ओरडायचा, आणि मागे रेंगाळेल तो पुढच्या साली घरी. नऊ नंबर नारायणचा, दहा माझा. नारायण विणकराचा मुलगा, घरी तेलुगू, आमच्यात आमच्यासारखी मराठी. बापाच्या हातापाया पडून यायचा आणि वर्षभर त्या चार दिवसांवर जगायचा.

त्या गडाचं नाव मी अजून घेत नाही. चढ असा की पुढच्याच्या टाचा आपल्या नाकासमोर. माथ्यावर पोचलो तर वाऱ्यात उभं राहवेना, टोप्या उडाल्या, शेजारचा बोललेला ऐकू येईना. उतरायला लागलो आणि नारायणच्या वहाणेचा अंगठा तुटला. तो माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाला, "दत्तू, माज्या वाटणीचं नऊ म्हण की. अंगठा बांधतो अन् आलोच. न्हाईतर पुढल्या साली मास्तर मला न्हेत न्हाईत बघ." यात मला काही वावगं वाटलं नाही. शाळेत आम्ही एकमेकांचं 'हजर' कितीदा म्हटलं होतं! खालच्या टप्प्यावर शिट्टी झाली. आठ झाल्यावर मी नऊ ओरडलो, मग आवाज जाडा करून दहा. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं... पोरं कुडकुडत होती. "चला," ते म्हणाले. मागे माथ्यावर ढग उतरत होता.

पायथ्याच्या देवळात मास्तरांनी शिदोरीचं पोतं सोडलं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, ज्याची त्याची पुरचुंडी वेगळी. सगळ्यांना वाटून झाल्यावर एक उरली. ती हातात धरून मास्तर नुसते उभे राहिले. मग गावातली चार माणसं घेऊन परत चढले. नारायण कड्याखाली सापडला. ढगात त्याची वाट चुकली होती.

सोलापुरात परतल्यावर मास्तर नारायणच्या वडिलांपुढे हात जोडून म्हणाले, "मोजणी माझी होती. चूक माझी." वडिलांनी मान वर केली नाही, मागावरचा धोटा तसाच चालू ठेवला. मी दारातच होतो. एक वाक्य बोलायचं होतं, ते बोललो नाही. भित्रा होतो, दुसरं काय! मास्तरांनी शाळेतली शिक्षकाची नोकरी सोडली. तालीम चालवली, पण सहली बंद झाल्या. नऊ नंबर पुन्हा कुणाला दिला नाही. रोजच्या मोजणीत आठ झाले की ते स्वतःच "नऊ" म्हणायचे आणि पुढे दहा, अकरा...

तेरावा झाल्यावर काकूंनी, म्हणजे मास्तरांच्या पत्नीने, मला माजघरात बोलावलं. शिट्टी माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "दत्तू, आवाज तुझा होता हे त्यांनी तिथंच ओळखलं होतं. पोरं गारठलीत, नारायण असेल मागंच, म्हणून परत मोजलं नाही. सारखं म्हणायचे, त्यानं केलं ते पोरपण, मी कळून चालवून घेतलं की." मी रडलो. मास्तरांना मागाहून कळलं आणि ते मला पाठीशी घालतात असं दहा वर्षं समजत होतो. ते माझ्याहून मोठं ओझं घेऊन रोज माझ्यासमोर उभे होते आणि मी एका शब्दाने ते हलकं करू शकलो असतो.

दुसऱ्या दिवशी तालमीत मी शिट्टी वाजवली. आताच्या पोरांपैकी कुणीच नारायणला पाहिलेलं नाही. सात झाले, आठ झाले... आणि सगळी माझ्या तोंडाकडे बघू लागली. मला नऊ म्हणवेना. पोरांना मातीत खाली बसवलं आणि त्या दिवशी गडावर नऊ कोण म्हणालं होतं, ते सांगितलं. मग दहा नंबरचा मुलगा उठून उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "दहा."