आधी शेठजींचा पेपर

बातमीवर इतका अविश्वास आणि पेपरवर इतकं प्रेम करणारा माणूस वडनेरात दुसरा झाला नसेल. हे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आम्ही त्यांना मोठेबाबा म्हणतो. ते एक पेपर घेत, समोरचे किराणा दुकानवाले शेठजी बरोबर उलट मताचा दुसरा. रोज सकाळी दुकानाच्या ओट्यावर पेपरांची अदलाबदल होई आणि नियम असा, की आधी दुसऱ्याचा पेपर वाचायचा, मग आपला. मोठेबाबांच्या कानावर पेन्सिल असे. ‘धक्कादायक’, ‘संतप्त’, ‘ऐतिहासिक’ असले शब्द ते खोडत आणि उरलेलं मला मोठ्यानं वाचायला लावत. कधीकधी अख्ख्या बातमीत गावाचं नाव आणि वार एवढंच उरे. “हे झालं खरं. बाकी तडका हाय,” ते म्हणत. एकदा गावात रस्ता रोको झाला. एका पेपरात ‘प्रचंड जनसमुदाय’, दुसऱ्यात ‘मूठभर लोक’. मोठेबाबा स्वतः तिथे बसले होते. म्हणाले, “एकवीस होतो. त्यातले चार बसची वाट पाहून राह्यले होते.” शेठजी म्हणाले, “भाऊ, मले बी काढा त्यातून. मी तुमाले जेवाले बलावाले आलतो.”

घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. वर्ध्याच्या कॉलेजात सरांनी ‘दुसरी बाजू काय?’ विचारलं की माझा हात वर जाई, तो त्या ओट्यामुळे. म्हणून पहिल्या पगारातून मी मोठेबाबांना मोबाईल घेऊन दिला, आणि तिथेच चुकलो. त्यांना काय आवडतं ते मोबाईलने आठवड्याभरात ओळखलं आणि तेवढंच दाखवू लागला. पेपर बंद झाला. पेन्सिल कानावरच राहिली. काचेवर काय खोडणार?

ऐन मे महिन्यात त्यांनी शेठजींना एक व्हिडिओ दाखवला. आज वर्ध्यात निघालेला मोर्चा, असं त्यावर लिहिलं होतं. शेठजी शांतपणे म्हणाले, “भाऊ, यातले लोकं स्वेटर घालून हायेत.” ही खरं तर मोठेबाबांचीच विद्या. पण गिऱ्हाइकांसमोर ते म्हणाले, “तू पैशाले इकलेला माणूस हायेस.” शेठजींनी उघड्या पोत्याचं तोंड बांधलं आणि आत गेले. त्या दिवाळीला ते दुकान भाड्याने देऊन मुलाकडे, सिंदी मेघेला राहायला गेले.

आता मोठेबाबांनी दोन्ही पेपर लावलेत. एक बाजू स्वतःच्या आवाजात मांडतात, दुसरी शेठजींच्या, आणि बहुतेक वेळा शेठजीच जिंकतात. मागच्या रविवारी मी म्हटलं, “बसा गाडीवर. सिंदी मेघेले नेतो.”

“काय म्हणू त्याले?”

“चुकलो म्हणा.”

ते पेपरची घडी बसवू लागले.

“मोबाईलात सारे माझ्याच मताचे निंघाले रे,” ते म्हणाले. “भांडाले कोणी नाई. इथं त्याचं सारं म्हणणं मले पाठ हाय. पण मले हरवल्यावर तो हासते कसा, ते काही मले जमत नाई.”