ऑफिससाठी काही शब्द

"एक दुरुस्ती करू का?" असं म्हणून ते उजव्या हाताचं बोट वर करायचे, वर्गातल्या मुलासारखं. समोरचा थांबायचा. मग ते शांतपणे दुरुस्ती सांगायचे आणि बोट खाली घ्यायचे.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते मयूर विहारमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत. सोसायट्या तेव्हा नुकत्याच भरत होत्या. लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही नदीपलीकडे स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो होतो, आणि जुने शेजारी 'जमनापार गेलात की' म्हणून चिडवत होते. अध्यक्ष मंडळाच्या नव्या चिटणीसांची ओळख करून देत होते. "केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर, मितभाषी, निर्व्यसनी..."

बोट वर गेलं. "एक दुरुस्ती करू का? निर्व्यसनी नाही. व्यसनी आहे. सध्या पीत नाही, एवढंच."

लोक हसले. अध्यक्षांनी घाईघाईने आरती सुरू केली. सगळ्यात मोठ्याने माझा नवरा हसला आणि घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.

मी अनुवादक. इंग्रजी फायलींचं हिंदी करण्यात माझी सगळी नोकरी सरली. 'मुलगा निर्व्यसनी' हे लग्नाच्या जाहिरातींत वाचतच मी मोठी झाले होते. पण कुणी तो शब्द असा चारचौघांत परत करतो, हे मला नवीन होतं. हा माणूस काय आहे, याचं मला कुतूहल वाटलं. तुम्हालाही वाटलं असतं.

कुतूहलाला आणखी एक कारण होतं. नवऱ्याने सरकारी नोकरी सोडून नोएडातल्या एका नव्या कंपनीत मार्केटिंगचं काम धरलं होतं. टार्गेट, क्लायंट, हॉटेलातल्या पार्ट्या. आधी शनिवारी घ्यायचा, मग रोज, मग सकाळी दात घासायच्या आधी.

ते आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायचे. एका रविवारी मी त्यांच्याकडे गेले. म्हटलं, आमच्याकडे दारूसंबंधी एक माहितीपत्रक भाषांतराला आलंय, काही शब्द अडलेत. असं काही आलेलं नव्हतं.

"विचारा ना, वहिनी."

"'विथड्रॉवल'ला काय म्हणावं?"

"बँकेतलं की माणसातलं?"

"माणसातलं."

"थरथर, घाम, झोप नाही. कधी भास, कधी फिट. एका शब्दात नाही बसायचं ते."

"आणि 'रिलॅप्स'?"

"घसरणं."

"'फॅमिली सपोर्ट'?"

त्यांनी कप खाली ठेवला. "हे शब्द ऑफिससाठी आहेत की घरासाठी?"

"ऑफिससाठी."

"अच्छा. मग ऑफिससाठीच सांगतो."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. सरकारी हॉस्पिटलात यासाठी वेगळी ओपीडी असते. रोज पिणाऱ्याने मनानेच एकदम बंद करायची नाही, जिवावर बेतू शकतं. ती डॉक्टरच्या नजरेखाली सोडवावी लागते. औषधानंतर माणसं लागतात, स्वतः प्यायलेली आणि थांबलेली. आणि घरच्यांचीही निराळी बैठक भरते. पिणारा आला नाही तरी घरच्यांनी जायचं, त्याच्यासाठी खोळंबायचं नाही. मधून मधून "तुमच्या माहितीपत्रकात हे घाला" असंही म्हणत होते, अगदी गंभीर चेहऱ्याने.

पुढे सकाळी दुधाच्या बूथवर भेट व्हायची.

"काय म्हणतंय ऑफिस?"

"काल जिन्यात पडलं."

"लागलं?"

"कोपराला."

"आज रजेचा फोन कोणी केला?"

"मीच. ताप आहे म्हणून."

"पुढच्या वेळी ऑफिसला स्वतः करू द्या."

रांगेत मागे उभ्या असलेल्या, थोडं मराठी कळणाऱ्या शेजारणीने एकदा काळजीने विचारलं, "आपके ऑफिस में बहुत प्रॉब्लम चल रही है क्या?"

"बहुत पुरानी है, बहनजी," तेच म्हणाले. "लेकिन ठीक हो सकती है."

घरच्यांच्या बैठकीला मी जाऊ लागले. रजेचे फोन बंद केले. त्यावरून घरात भांडणं झाली, आणि एक दिवस कंपनीने नवऱ्याला शेवटची ताकीद दिली. त्याने देवासमोर उभं राहून शपथ घेतली आणि पिणं एकदम थांबवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो पलंगावर बसून कपाटावरच्या मांजरीला हाकलत होता. कपाटावर काही नव्हतं.

मी धावत खाली गेले. ते तसेच घरातल्या चपलांवर आले.

"मी शपथ घेतलीय," नवरा दातांवर दात आपटत म्हणाला. "मला कोणाची गरज नाही."

"एक दुरुस्ती करू का? शपथ नंतर. आधी डॉक्टर."

ऑटोत त्यांनी त्याला दोन्ही हातांनी धरून ठेवलं. ॲडमिट करून घेईपर्यंत बाकावरून हलले नाहीत. चार-पाच दिवसांनी शुद्धीत आल्यावर नवऱ्याने त्यांना विचारलं, "तुम्हाला काय मिळतं यातून?"

"मला इथे आणणाऱ्याला मीही हेच विचारलं होतं. तो म्हणाला, जास्त बोलू नकोस, सूप पी."

नवरा त्यांच्याबरोबर बैठकांना जाऊ लागला. दिवाळीत एका पार्टीत घसरला. मला त्यांना तोंड दाखवायची लाज वाटत होती. ते म्हणाले, "घसरला तर घसरला. उद्या सहाला बैठक आहे, पाठवून द्या."

बैठका हिंदीत चालत. आपली मराठी माणसं जमवून मराठीत का नाही करत, असं मी एकदा विचारलं. "हिंदीत पटकन सांगता येतं, वहिनी. मराठीत सांगायला लागलो की आई आठवते." त्यांची बायको फार पूर्वी नागपूरला निघून गेली होती, ती परतली नाही. लोक त्यावर काहीबाही बोलत. तिथे त्यांनी कधी बोट वर केलं नाही. त्या घरात काय झालं असेल, हे मी पुष्कळदा मनात जुळवून पाहिलं आहे. जुळत नाही.

एका हिवाळ्यात ते झोपेतच गेले. नागपूरहून भाऊ आला, सगळं आटोपलं, फ्लॅटला कुलूप लागलं. भावाला स्टेशनवर सोडायला नवरा गेला, आणि यायच्या वेळी आला नाही. स्टेशनपासून घरापर्यंत दारूची दुकानं कुठे कुठे आहेत, हे मला पाठ होतं. मी गॅलरीत उभी राहिले. बैठकीत शिकलेलं एकही वाक्य आठवेना. आता मी कोणाकडे धावत जाणार होते?

बेल वाजली तेव्हा दारात नवरा होता. मी आधी त्याचे डोळे पाहिले. ते लाल होते, पण रडून. त्याच्यामागे एक अनोळखी माणूस होता, महागडा कोट, दाढी वाढलेली, तोंडाला वास.

"भाईसाहब से मिलना था," तो मला म्हणाला. "ताला लगा है."

"जिन्यात बसला होता," नवरा म्हणाला. "मीही बसलो थोडा वेळ. चहा टाकतेस?"

मी चहा केला. नवऱ्याने किटली माझ्या हातातून घेतली, त्या माणसाच्या थरथरणाऱ्या हातांकडे एकदा पाहिलं, आणि कप अर्धाच भरला.