धाकूमामाचा सूड

मुलुंड पूर्वेच्या एका मराठी शाळेत धाकू घाडीगावकर तेहतीस वर्षं शिपाई होता. घंटा देणं, हजेरीपत्रकं वर्गावर्गात पोचवणं, पाण्याच्या नळांवर लक्ष ठेवणं आणि पहिल्या मजल्यावरच्या खेळाच्या कपाटाची किल्ली सांभाळणं ही त्याची कामं. पोरं त्याला धाकूमामा म्हणायची. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. शिक्षक एकमेकांत म्हणायचे, मामांसारखा शांत माणूस शोधून सापडणार नाही. पण धाकू शांत नव्हता. तो फक्त बोलत नव्हता.

जूनमध्ये शाळा उघडली आणि दुसरी ‘ब’चं नवीन हजेरीपत्रक त्याच्या हातात आलं. जिना चढता चढता तो नावं वाचायचा, ती त्याची जुनी सवय. अकराव्या नावाशी तो थांबला. प्रांजल हर्षद दळवी. आधीची शाळा ठाण्याची, पत्ता मुलुंडचा. हर्षद दळवी. धाकू तिथेच कठड्याला टेकून उभा राहिला. वरून बाईंनी दोनदा हाक मारली तेव्हा कुठे हलला.

सत्तावीस वर्षांपूर्वी धाकूची मुलगी जानकी याच शाळेत तिसरीत होती. जानकी बोलताना अडखळायची. ‘क’ आणि ‘ज’ तिच्या तोंडातून सुटायचेच नाहीत, त्यामुळे स्वतःचं नाव सांगतानाच तिची गाडी अडायची. तिच्या वर्गातल्या हर्षद दळवीने तिचं नाव ठेवलं, कॅसेट. ती वाचायला उभी राहिली की तो मागून म्हणायचा, “कॅसेट अडकली, पेन्सिल घालून फिरवा!” आणि वर्ग हसायचा. मधल्या सुट्टीत पोरं खरोखरच पेन्सिल घेऊन तिच्या मागे धावायची. वर्षभर हे चाललं. मग जानकीने शाळेत बोलणंच सोडलं. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायची. चौथीनंतर धाकूने तिला भांडुपच्या शाळेत घातली. पुढे ती शिकली, लॅब टेक्निशियनचा कोर्स केला आणि मुलुंडच्याच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायचं काम करू लागली. आई गेल्यापासून भांडुपच्या घरात ती आणि धाकू दोघंच राहत. त्या वर्षाचं ती कधीच काही बोलली नाही. धाकू मात्र ते वर्ष विसरला नव्हता.

आता त्या हर्षदची सहा वर्षांची मुलगी रोज त्याच्याच मजल्यावर येणार होती.

प्रांजल बारीक, चटपटीत होती. समोरचे दोन दात पडलेले. पहिल्याच आठवड्यात तिने धाकूला विचारलं, “मामा, घंटा वाजवताना कानात दुखत नाही?” एरवी अशा प्रश्नावर धाकू हसला असता. तो म्हणाला, “जा वर्गात.”

सुरुवात अगदी बारीकसारीक होती. मधल्या सुट्टीत चेंडू, दोरीच्या उड्यांच्या दोऱ्या, रिंगा तो वाटायचा. प्रांजलचा नंबर आला की म्हणायचा, “संपल्या.” कपाटात तीन दोऱ्या लोंबताना तिला दिसायच्या. ती परत जायची. चार-पाच दिवस हे झाल्यावर त्याने एक झिजलेली दोरी मुद्दाम तिच्या हातात ठेवली. दहाव्या उडीला ती तुटली. भोवती सात-आठ मुली होत्या. धाकू त्यांच्याकडे बघून म्हणाला, “हिच्या हातात काही देऊ नका गं. हिचा हात लागला की वस्तू मोडते.”

बस, एवढंच. बाकीचं मुलांनी केलं. दोन दिवसांत प्रांजलचं नाव ‘मोडकी’ पडलं. चार दिवसांत त्याचा खेळ झाला. तिचा धक्का ज्याला लागेल त्याने दुसऱ्याला शिवायचं आणि ओरडायचं, “मोडकी लागली!” कुणी तिला खोडरबर देईना. डबा खाताना तिच्या शेजारची सतरंजी रिकामी राहायची. धाकू जिन्याजवळच्या स्टुलावर बसून हे बघायचा. त्याला बरं वाटायचं, खोटं कशाला सांगा. सत्तावीस वर्षं त्याच्या छातीत जे अडकून बसलं होतं ते जरासं सैल व्हायचं. बघ, तो मनात म्हणायचा, बघ हर्षद दळवी, कसं असतं ते.

दुसरी ‘ब’च्या वर्गशिक्षिका मृणालिनीबाई जेमतेम तिशीच्या होत्या. दर शुक्रवारी शेवटचा तास त्या मैत्रीचा तास म्हणून घ्यायच्या. त्यात कधी गोष्ट असायची, कधी दोघादोघांनी मिळून एक चित्र काढायचं, कधी डोळ्यांवर रुमाल बांधलेल्या मित्राला हात धरून वर्गभर फिरवायचं. जुलैत त्यांनी मैत्रीचा बाक काढला. गोदामातला एक जुना बाक धाकूकडून पिवळा रंगवून घेतला आणि व्हरांड्यात ठेवला. नियम साधा होता. ज्याला खेळायला कुणी नाही त्याने बाकावर बसायचं, आणि ज्याला तो दिसेल त्याने जाऊन विचारायचं, “येतोस खेळायला?”

पहिल्या आठवड्यात पोरं गंमत म्हणूनच बाकावर बसायची. नंतर तिथे एकटी प्रांजल दिसू लागली. सुट्टी झाली की येऊन बसायची, पाय हलवत. कुणी यायचं नाही. एक दिवस, दोन दिवस, नऊ दिवस. बाई धाकूला म्हणाल्या, “मामा, या मुलीला सगळे का टाळतात कळत नाही. तुम्ही असता व्हरांड्यात, जरा लक्ष ठेवाल?”

“हो बाई,” धाकू म्हणाला.

एका दुपारी तो नळाशी उभा होता. प्रांजल बाटली घेऊन आली, पण नळाला हात लावेना. फ्रॉकच्या खिशातून तिने रुमाल काढला, नळावर टाकला, मग तोही काढून घेतला.

“मामा, नळ तुम्ही सोडता?”

“का? तुला हात नाहीत?”

“माझ्या हाताने मोडला तर सगळ्यांचं पाणी जाईल.”

धाकूने तिच्या तोंडाकडे बघितलं. ती नाटक करत नव्हती. तिचा त्यावर विश्वास बसला होता. त्याने नळ सोडला, बाटली भरून दिली. त्याने स्वतःला बजावलं, जानकीचं पण असंच झालं होतं, तेव्हा कुणाला दया आली होती? आणि तो स्टुलावर जाऊन बसला. पण त्या दिवशी शेवटची घंटा त्याने पाच मिनिटं उशिरा दिली.

पुढच्या सोमवारी हर्षद शाळेत आला. पोट सुटलेला, बँकेत नोकरीला असलेला, डोळ्यांखाली काळं आलेला माणूस. जिन्यात धाकूला बघून त्याचा चेहरा उजळला.

“अरे, धाकूमामा! अजून तुम्हीच? मला ओळखलं का? हर्षद, दळवी!”

“ओळखलं.”

“मामा, माझी मुलगी आहे हो दुसरीत. सकाळी रडते, शाळेत यायचंच नाही म्हणते. घरी कपबशीला हात लावत नाही. पोरं काहीतरी चिडवतात तिला. तुमचं जरा लक्ष असू द्या ना.”

“माझी पण मुलगी होती या शाळेत,” धाकू म्हणाला. “तुझ्याच वर्गात. जानकी.”

हर्षदने आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला, आणि त्याला आठवलं नाही. धाकूच्या डोक्यात जाळ झाला तो त्याने.

“कॅसेट,” धाकू म्हणाला. “आता आठवली?”

हर्षदचा चेहरा हळूहळू बदलला. “मामा… लहान होतो हो आम्ही.”

“ती पण लहानच होती.”

“पण त्याचा आता काय…” हर्षद बोलता बोलता थांबला. त्याने धाकूकडे बघितलं, मग मुलगी घरी ज्याच्याबद्दल सांगायची त्या व्हरांड्यातल्या पिवळ्या बाकाकडे. “मामा, हे तुम्ही केलंत?”

तास संपला होता. धाकू घंटेकडे गेला आणि असा टोल हाणला की खालच्या मजल्यावरचे शिक्षक बाहेर येऊन बघू लागले.

त्या संध्याकाळी तो घरी आला तो कित्येक वर्षांनी गुणगुणत. जानकी नुकतीच लॅबमधून आली होती, चहा टाकत होती. त्याने सगळं सांगितलं. हजेरीपत्रकातलं नाव, दोरी, मोडकी, बाक, हर्षदचं पडलेलं तोंड. “तुझा नाव घेवन सांगलंय तेका, तोंडार,” तो घरच्या मालवणीत म्हणाला. “लय बरा वाटला माका.”

जानकीने गॅस बंद केला.

“क… किती वर्षांची आहे ती?”

“सहा. सात असात.”

“बाबा, हर्षद दळवी गेल्या वर्षी लॅबमध्ये आला होता. शुगर चेक करायला. मीच रक्त काढलं. मला ओळखलंसुद्धा नाही त्याने. दोनदा सुई टोचली मी त्याला.”

“शीर गावली नाय?”

“पहिल्यांदाच मिळाली होती.” ती हसली नाही. “माझा हिशोब माझा होता. मी पुरा केला. तुला क… कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला?”

“गो, तुझ्यासाठीच…”

“माझ्यासाठी? तेव्हा कुठे होतास? वर्गाच्या बाहेर होतास तू. घंटेपाशी. सगळं ऐकू यायचं तुला. बाईसुद्धा हसायच्या, ते पण ऐकलंस. आत आलास का एकदा तरी? घरी येऊन मला काय सांगितलंस? लक्ष देऊ नको.”

“नोकरी टेंपररी होती तेव्हा…”

“मग तेव्हा बाईंना भ्यालास आणि आता सहा वर्षांची पोर सापडली तुला!”

‘माझ्यासाठी?’पासून पुढचं सगळं ती कुठेही न अडखळता बोलली. मग आपला कप घेऊन ती बाहेर पायरीवर जाऊन बसली. त्या दिवसापासून तिने त्याच्याशी बोलणं बंद केलं.

धाकूने तीन दिवस काढले. गुरुवारी शाळा सुटल्यावर तो मृणालिनीबाईंकडे गेला आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बाईंच्या हातातल्या वह्या तशाच राहिल्या.

“मामा, मी तुम्हाला तिच्यावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं.”

“हो.”

“मला हे मुख्याध्यापकांना सांगावं लागेल.”

“सांगा. पण उद्याचा मैत्रीचा तास मला द्या. मी घातलं मुलांच्या डोक्यात, मीच काढतो.”

बाईंनी वह्या टेबलावर ठेवल्या. मग म्हणाल्या, “द्या म्हणता तर देते. पण एक अट. तिला ‘माफ केलं’ म्हणायला लावायचं नाही. तुमच्या जिवाला बरं वाटावं म्हणून तिने काहीही करायचं नाही.”

शुक्रवारी दुसरी ‘ब’ समोर धाकू पहिल्यांदा फळ्याजवळ उभा राहिला. तो म्हणाला, “प्रांजलच्या हाताने काही मोडत नाही. ती दोरी जुनीच होती. मला माहीत होतं ती तुटणार. मी खोटं बोललो.”

मग ओजस नावाच्या मुलाने विचारलं, “का?”

“तिच्या बाबांचा राग होता मला.”

“मग बाबांना ओरडायचं ना.”

“भीती वाटत होती.”

“एवढे मोठे असून?”

“हो.”

मागच्या बाकावरची स्वरदा उठली. “म्हणजे मामा, आता मोडका तुम्ही?” सगळा वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी स्वरदाला खालीही बसवलं नाही. धाकू म्हणाला, “तसं समजा.” प्रांजल त्याच्याकडे बघत होती.

सोमवारपासून नवा खेळ सुरू झाला. धाकू व्हरांड्यात दिसला की पोरं किंचाळत पळायची, “मोडका मामा लागला!” त्यांच्यात सगळ्यात पुढे प्रांजल असायची. ती जवळ यायची, त्याच्या स्टुलाला बोट लावायची आणि पडलेल्या दातांतून ओरडत सुटायची, आणि बाकीच्या मुली तिच्या हाताला हात धरून पळायच्या. बाईंनी चौथ्या दिवशी हा खेळ बंद केला. वर्गात त्या त्यावर बराच वेळ बोलल्या, मुलांनाच विचारत गेल्या, की मामांचं चुकलं तर आपण काय करायचं आणि काय नाही. धाकूला मात्र तो खेळ बंद झाल्याचं थोडं वाईटच वाटलं.

मुख्याध्यापकांनी त्याला मेमो दिला, कपाटाची किल्ली काढून घेतली आणि खाली फाटकावर बसवलं. हर्षद रोज स्कूटरवरून मुलीला सोडायला येतो. धाकू फाटक उघडतो. दोघं बोलत नाहीत. एकदाच हर्षद जवळ येऊन म्हणाला, “मला जानकीला सॉरी म्हणायचं आहे. घरी येऊ का?” धाकूने निरोप तिच्या कानावर घातला. ती भिंतीकडे बघून म्हणाली, “नको म्हणावं. त्याचं सॉरी त्याच्याकडेच राहू दे. झोपताना उशाला घ्यायला होईल.” धाकूने शब्दही न बदलता ते हर्षदला सांगितलं. सांगताना त्याला आनंद झाला. राग काही गेला नव्हता.

तो एक निरोप सोडला तर बारा दिवस जानकी त्याच्याशी बोलली नाही. तेराव्या दिवशी रविवार होता. धाकू मोरीपाशी बसून बांगडे साफ करत होता. ती समोर पाट घेऊन बसली आणि काही न विचारताच सांगू लागली. तिसरीचा पहिला दिवस. कोण कुठे बसायचं. पेन्सिल पहिल्यांदा कुणी आणली. बाई काय म्हणून हसल्या. एकदा डब्यात काय टाकलं होतं. लघवीला जायचं विचारता येत नव्हतं म्हणून काय झालं होतं. जागोजाग ती अडत होती, ‘क’वर, ‘ज’वर, एकेका शब्दावर जीव जाईस्तोवर. पूर्वी धाकू असा शब्द तिच्याआधीच बोलून मोकळा व्हायचा. आज तो गप्प बसला. प्रत्येक गोष्टीबरोबर त्याचं डोकं तापत गेलं, आधी त्या पोरावर, मग त्या बाईंवर, आणि मग त्या घंटेपाशी उभ्या असलेल्या माणसावर. मध्येच तो म्हणाला, “ह्या माका म्हायत नव्हता.”

“ऐक,” जानकी म्हणाली. “अजून आहे.”

त्या दिवशी त्यांना जेवायला तीन वाजले.